बघायचा किल्ला, खेळायचा किल्ला : ९०५ रुपयांतला रामशेज

आमचं पाच जणांचं टोळकं. एक रविवार सोडून एक रविवार नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरी जमतो, डायनिंग टेबलाच्या खुर्च्या गॅलरीत टाकतो आणि टेबलावर लढाई लावतो. २८ मिलिमीटरच्या मापाचे सैनिक, इंचाची टेप, फासे. सैनिकांवर गेली काही वर्षं प्रत्येकानं थोडे थोडे पैसे घातलेत. रणभूमीच्या नावानं मात्र बोंब होती. पुस्तकांची चळत म्हणजे डोंगर, स्टीलचा डबा म्हणजे बुरूज, आणि आईची हिरवी चादर म्हणजे बाकी सगळा महाराष्ट्र.

टेरेन, म्हणजे टेबलावर मांडायची तयार रणभूमी, विकत मिळतं, पण बाहेरून मागवावं लागतं. एका पडक्या घराच्या किटला जे पैसे पडतात त्यात घरची पंधरा दिवसांची भाजी येते. म्हणून जुलैमध्ये जेव्हा ठरलं की दिवाळीच्या सुट्टीत रामशेजचा वेढा खेळायचा, तेव्हा हेही ठरलं की गड आपणच करायचा. मी, आठवीतला भाचा आणि सल्लागार म्हणून बाबा.

रामशेजच का, हे नाशिककरांना सांगायला नको. दिंडोरी तालुक्यातल्या आशेवाडी गावाच्या डोक्यावर उभा असलेला, सह्याद्रीच्या मानानं बुटकाच गड. संभाजी महाराजांच्या काळात, १६८२ मध्ये, शहाबुद्दीन खानानं त्याला वेढा घातला आणि पुढे मुघलांचे सरदार बदलत गेले, गड वर्षानुवर्षं हाती लागला नाही. खेळणाऱ्यांच्या दृष्टीनं दोन गोष्टी मोहात पाडणाऱ्या. मुघलांनी गडावर मारा करायला लाकडाचा उंच दमदमा, म्हणजे तोफांसाठीचा बुरूज, उभारला. आणि गडावर लोखंडी तोफा नव्हत्या म्हणून मावळ्यांनी लाकूड पोखरून, त्यावर कातडं मढवून तोफा केल्या, असं खुद्द मुघलांच्या बाजूचा इतिहासकार खाफी खान नोंदवतो. म्हणजे घरगुती जुगाड इथे दोन्ही बाजूंनी होता. आम्ही फक्त तिसरी बाजू.

श्रावणातला गड

बाबांचं लहानपण पंचवटीतल्या वाड्यात गेलं. दिवाळीचा किल्ला करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, असं ते स्वतःच सांगतात. त्यांची कृती ठरलेली: विटा आणि दगड रचायचे, त्यावर चिखलात बुचकळलेलं गोणपाट टाकायचं, कडेनं हळीव पेरायचे, शिखरावर महाराज, उतारावर मावळे. आम्ही तीच कृती उचलली, फक्त विटांच्या जागी थर्मोकोल आलं.

थर्मोकोल विकत घेतलं नाही. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनंतर सजावटीचं थर्मोकोल राज्यात बंदच आहे. पण माळ्यावर टीव्हीच्या खोक्यातले तुकडे पडून होते, म्हटलं वाया कशाला घालवायचे. ते चिकटवायला बूट चिकटवतात ते रबरी सोल्युशन आणलं, कारण 'पटकन सुकतं'. सुकायच्या आधी त्यानं थर्मोकोल खाल्लं. जिथे लावलं तिथे बोटभर खड्डे. भाचा म्हणाला, "मामा, गुहा आपोआप तयार होतायत." रामशेजला गुहेत राममंदिर आहे, तेव्हा आम्ही ते शुभशकुन मानून पुढे गेलो. मग रंग: करड्या स्प्रेचे दोन डबे. पहिला फवारा मारला आणि कडा डोळ्यांदेखत चुरमुऱ्यासारखा आकसला.

कारण साधं आहे. थर्मोकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. त्यात बहुतेक हवाच. सोल्युशनमधलं टोल्युईन, थिनरमधलं ॲसिटोन, स्प्रेमधले द्रावक हे सगळे पॉलिस्टायरीन विरघळवतात. पाण्यात मिसळणाऱ्या वस्तू, म्हणजे फेविकोल, डिस्टेंपर, पोस्टर कलर, त्याला काही करत नाहीत. हे एक वाक्य आधी ठाऊक असतं तर ६२० रुपये वाचले असते.

तरी नेटानं वरून वर्तमानपत्र आणि फेविकोलचे थर चढवले, खाली खोक्याच्या पुठ्ठ्याचा एकच तुकडा पाया म्हणून ठेवला. श्रावणातली हवा. तीन दिवस वरचा भाग ओलाच. चौथ्या दिवशी सुकायला लागला आणि पाया पापडासारखा चारही कोपऱ्यांनी उचलला गेला. पुठ्ठ्याची एकच बाजू भिजते, फुगते, आणि सुकताना वरचा कागद व फेविकोल मिळून तिला आत ओढतात. खालची बाजू कोरडीच राहिल्यानं ओढायला कुणी नसतं. माती दिसावी म्हणून वापरलेल्या चहाचा चोथा पसरला होता, त्यावर आठवड्यात पांढरी बुरशी आली. भाच्याच्या मते ते धुकं होतं.

एवढं होऊनही गड दुरून झकास दिसत होता, हे कबूल करतो. शेजारच्या वहिनी मुद्दाम बघायला आल्या. बाबांनी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

आणि मग आम्ही त्यावर खेळायला बसलो.

अर्ध्या तासात काय कळलं

पहिलं: सैनिक उभाच राहीना. प्रत्येकाच्या पायाखाली २५ मिलिमीटरची गोल चकती असते आणि आमच्या गडावर एकही २५ मिलिमीटरची सपाट जागा नव्हती. सगळा देखणा उतार. मावळे एकामागून एक घसरून मुघलांच्या छावणीत दाखल होत होते. चिखलाच्या किल्ल्यावर मावळा खोचून बसवता येतो, दहा दिवस तो तिथून हलणार नसतो. इथे प्रत्येकाला दर पाळीत हलायचं होतं.

दुसरं: गड नऊ इंच उंच. मापाच्या हिशेबानं बघितलं तर ही उंची काहीच नाही. २८ मिलिमीटरचा सैनिक साधारण १:५६ मापाचा धरतात. पन्नास मीटरचा कडा त्या मापानं नव्वद सेंटिमीटर भरेल, म्हणजे टेबलावर टेबल. पण नऊ इंचांनीही समोर बसलेल्याला पलीकडचं काही दिसेना. उत्तर बाजूनं शिडी लागलीय हे गडाच्या किल्लेदाराला वीस मिनिटं कळलंच नाही. इतिहासात असं घडतही असेल, पण खेळात समोरचा माणूस चिडतो.

तिसरं: टेप कुठे धरायची? फुगीर उतारावरून सहा इंच मोजताना प्रत्येकाचे सहा इंच वेगळे. एकानं डोंगराच्या अंगाला टेप वाकवून मोजलं, दुसऱ्यानं हवेतून सरळ. "काय भो, हे सहा इंच आहेत का?" यावर जी जुंपली ती वेढ्यापेक्षा जास्त वेळ चालली.

चौथं आईनं सांगितलं: "हे सगळं ठेवणार कुठे?" अडीच फूट लांब, एकसंध. माळ्याच्या दारातून जाईना, दिवाणाखाली शिरेना.

त्या रात्री बाबांशी बोलताना खरी गोम सापडली. दिवाळीचा किल्ला समोरून बघतात. मागची बाजू भिंतीला असते, तिथे विटा उघड्या असल्या तरी चालतं. त्याला हात लावायचा नसतो. तो दहा दिवस जगतो. आणि त्यात मोजायचं काहीच नसतं. आम्ही बघायचा किल्ला केला होता आणि त्यावर खेळायला बसलो होतो. चूक बाबांच्या कृतीत नव्हती. ती कृती ज्या कामाची होती ते काम वेगळं होतं.

जगभरचे हौशी लोक बनवतात ते व्हिडिओ बघतानाही हाच घोटाळा होतो, असं माझं मत झालंय. व्हिडिओत जे उत्तम दिसतं ते कॅमेऱ्यासाठी केलेलं असतं. १८१२ मध्ये प्रशियात राइसविट्झनं राजाला युद्धाच्या खेळाचं टेबल करून दिलं, त्यात भूभागाचे सुटे चौकोनी तुकडे होते, हवे तसे मांडता येणारे. दोनशे वर्षांपूर्वी त्या माणसाला कळलं होतं की तुकडे सुटे हवेत. आम्हाला आईनं सांगावं लागलं.

दसऱ्यानंतर, आधी माप

दुसऱ्या वेळी सुरुवात कटरनं नाही, कागदावर केली. एक नियम ठरवला: एक थर म्हणजे एक इंच. सपाट जागा कुठेही सव्वा इंचापेक्षा अरुंद नको. एकूण उंची पाच इंच. खाली दीड फुटाहून मोठा तुकडा नाही.

थर हा शब्द कागदावर लिहिला आणि डोक्यात प्रकाश पडला. आपला डोंगर आहेच थरांचा. लाव्हाचे आडवे थर एकावर एक. मऊ थर झिजून उतार होतो, टणक थराचा उभा कडा राहतो. या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात त्यातला ट्रॅप हा स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आलाय. म्हणजे पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक रचले की सह्याद्री जवळजवळ फुकट मिळतो. विलायती पद्धतीत झाडाच्या सालीचे तुकडे उभे लावून खडक करतात. सुंदर दिसतात, पण नाशिकचा माणूस म्हणेल हा कुठला परका डोंगर. अंजनेरी घ्या, ब्रह्मगिरी घ्या, लांबून दिसतात त्या आडव्या रेघा.

पुठ्ठा फ्रिजच्या खोक्याचा, पाच प्लायचा. चार तुकडे चिकटवले की इंचाला एखादा मिलिमीटर जास्त भरतात, एवढं चालतं. पुठ्ठ्यातल्या नळ्यांची दिशा प्रत्येक थराला आडवी-उभी बदलत गेलो, म्हणजे वाकायला जागा राहत नाही. फेविकोल सगळीकडे फासलं नाही. बोटाएवढ्या अंतरावर ठिपके, आणि रात्रभर वर गव्हाचा डबा. पायाला सहा मिलिमीटरचं एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या लगद्याचा दाबीव बोर्ड, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना डिस्टेंपर. खालची बाजू कुणाला दिसत नाही म्हणून सोडली की पुन्हा पापड.

कडेला पुठ्ठ्याच्या नळ्या उघड्या दिसतात, आणि त्या दिसल्या की गड लगेच खोकं वाटायला लागतो. यावर पुट्टी, फेविकोल आणि सुताराकडचा बारीक भुसा यांचा थापण्याजोगा लगदा केला. भाच्यानं तो बोटानं कडेत भरला आणि ओला असतानाच बोथट पेन्सिलीनं उभ्या भेगा ओढल्या. कड्याला उभ्या भेगा, थरांना आडव्या रेघा. इथे मी त्याच्या हातातून पेन्सिल काढून घेतली होती, नीट करतो म्हणून. माझा तुकडा आजही ओळखू येतो, कारण भेगा सारख्या अंतरावर आहेत.

गडाच्या माथ्यावर कागदाची पातळ कातडी चढवायची होती. फेविकोल महाग पडतो, म्हणून मैद्याची खळ केली. खळ म्हटलं की बुरशी आणि कसर आली. बाबा म्हणाले, "बुकबाइंडर खळीत मोरचूद घालायचे." मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, नाशिकमध्ये शोधावं लागतं का? दिंडोरीच्या मामांकडे द्राक्षबागेला बोर्डो मिश्रण करायला ठेवलेलंच होतं. वाटीभर खळीला चिमूटभर. हे विष आहे, तेव्हा हातमोजे, वेगळं भांडं, आणि हे काम भाच्याला दिलं नाही. त्या खळीला आजवर काही झालेलं नाही.

मामांकडून आणखी एक गोष्ट आली. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बागेत वेलीच्या काड्यांचे ढीग पडलेले असतात. पेराजवळ जिथे फाटे फुटतात तिथून तीन-चार इंचांचे तुकडे घेतले, आठवडाभर गच्चीवर वाळवले. वाळली वेल म्हणजे हुबेहूब म्हातारं झाड: गाठी, सुटलेली साल, वाकडेपणा. वर भांडी घासायच्या हिरव्या घासणीचे चिमटे चिकटवले की झुडूप. पण आम्ही बरीच झाडं निष्पर्णच ठेवली, कारण ऋतू उन्हाळा ठरवला होता. तो ठरवायचं कारण इतिहास नाही. न रंगवलेला लाकडाचा भुसा हा आपोआप वाळल्या गवताच्या रंगाचा असतो. पावसाळा धरला असता तर सगळा भुसा हिरवा रंगवावा लागला असता.

रंगाचं थोडक्यात. पांढऱ्या डिस्टेंपरात काळा आणि तांबडा स्टेनर घालून गडद कातळी रंग, सगळीकडे. सुकल्यावर काळ्या स्टेनरचं अगदी पातळ पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे ते भेगांत उतरतं. ते सुकल्यावर ब्रश फिकट रंगात बुडवायचा, वर्तमानपत्रावर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. हा शेवटचा हात फिरतो तेव्हा पुठ्ठ्याचा दगड होतो. भाचा पाच मिनिटं काही बोलला नाही, एरवी तसं होत नाही.

पायऱ्यांनी मात्र दोन दिवस घेतले. मापानुसार खरी पायरी पाच-सहा मिलिमीटर खोल होईल आणि तिच्यावर कुणीच उभं राहणार नाही. सैनिकासाठी करायची तर प्रत्येक पायरी खऱ्या पायरीच्या चौपट. शेवटी दोन्ही केलं. दिसायला बारीक पायऱ्या, आइस्क्रीमच्या काड्यांच्या. आणि प्रत्येक इंच चढल्यावर दीड इंच खोल असा एक टप्पा. नियम असा की पाळीच्या शेवटी सैनिक टप्प्यावरच थांबतो. यामुळे एक गंमत झाली. टप्प्यावर दोनच चकत्या मावतात, म्हणजे दरवाजापाशी एका वेळी दोनच माणसं लढू शकतात. बारीवर, म्हणजे खिंडीत, दोन माणसांनी फौज अडवावी, हे आम्ही नियमात लिहिलंच नव्हतं. ते पुठ्ठ्यानं लिहिलं.

गडाचे तीन तुकडे. सांधे घळींमध्ये लपवले, कारण घळीत फट असणं शोभतं. दमदमा अगरबत्तीच्या काड्यांचा, त्याचा माळा बरोबर पाच इंचांवर, म्हणजे वरचा तोफची तटावरच्या मावळ्याच्या डोळ्याला डोळा भिडवेल. लाकडी तोफा म्हणजे खडूएवढ्या वेलीच्या काड्या, भोक पाडून, वर फाटक्या पाकिटाचं चामडं.

हिशेब

फेविकोल एक किलो २८०, एमडीएफ कापून २२०, तीन स्टेनर १३५, डिस्टेंपर ९०, दोन ब्रश ७०, कटरची पाती ६०, पुट्टी ५०. एकूण ९०५. पुठ्ठा, भुसा, वेली, मोरचूद, काड्या फुकट. श्रावणातल्या गडाचे स्प्रे ५००, सोल्युशन १२० आणि प्लास्टिकचं गवत २४० हे ८६० रुपये वेगळे. ते धरले तर १,७६५. प्रामाणिक आकडा हाच, पण शीर्षकात मी ९०५ लिहिलंय.

वेळेचा हिशेब कुणी विचारू नये. दहा संध्याकाळी आणि दोन पूर्ण रविवार. ज्याला वेळ विकत घ्यावा लागतो त्यानं किटच मागवावं, त्यात कमीपणा नाही.

सुट्टीतला रविवार

खेळ सव्वातीन तास चालला. टेपवरून एकही भांडण नाही. उंची विचारली की थर मोजायचे, झालं. दमदमा तिसऱ्या पाळीत पुढे आला, पाचव्यात त्याला लाकडी तोफेचा गोळा लागला, आणि भाच्यानं जो आवाज काढला त्यानं खालच्या मजल्यावरचे काका वर आले. ते मग शेवटपर्यंत थांबले. गड पडला नाही. एक तक्रार राहिली: दक्षिणेकडचा कडा उचलताना सगळे एकाच कोपऱ्याला धरतात, तिथला रंग त्याच दिवशी उडाला.

खरी पडझड आधीच झाली होती, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी. आम्ही गड हॉलमध्ये मांडून ठेवला होता. आईच्या दृष्टीनं दिवाळीत घरात किल्ला आहे म्हणजे त्यावर पणती हवी. तिनं माथ्यावर मधोमध ठेवली. पणती नवी होती, रात्रभर तेल झिरपलं. सकाळी गडाच्या माथ्यावर तळहाताएवढा काळा डाग, आणि तेलावर डिस्टेंपर काही केल्या धरेना. दोनदा लावला, दोनदा पापुद्रा निघाला.

बाबांनी कटर घेतला, डागाभोवती चौकोन आखला आणि वरचा पुठ्ठा काढून टाकला. रामशेजच्या माथ्यावर पाण्याची टाकी आहेत. खळग्यात उरलेला तेलकट काळा पुठ्ठा साचलेल्या पाण्यासारखा चमकत होता, तो तसाच ठेवला. आता नियमात एक ओळ वाढलीय: टाकं मुघलांच्या हाती गेलं तर गडाला पाचच पाळ्या उरतात.

आईला वाटतं ते आधीपासूनच ठरलेलं होतं. कुणी सांगितलेलं नाही.